हे ग्रंथपालांना जमले आहे

"वाचून जमलं पाहिजे," असं म्हणून ते माझ्या हातात दोरी द्यायचे आणि स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहायचे. हात मागे का, हे मला पुढे कळलं. माझी धडपड बघताना त्यांना मदत केल्याशिवाय राहवत नसे.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी ग्रंथालय सांभाळत होतो आणि ते काचेचं वर्कशॉप. शास्त्रज्ञ मंडळी कागदावर वेडीवाकडी आकृती काढून पाठवत. हे ज्योतीवर नळी फिरवत, फुंकर घालत, त्यातून हवं ते उपकरण काढून देत. शोधनिबंधावर त्यांचं नाव कधी आलं नाही आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. रविवारी सकाळी मात्र ते महानगर भागातल्या पार्कात हाफ पँट, गळ्यात स्कार्फ आणि तोंडात शिट्टी अशा अवतारात दिसत. असा माणूस दिसला की आपण दुसऱ्या फाटकाने बाहेर पडतो. मीही पडायचो. गणवेश आणि सलामी या दोन गोष्टींपासून मी आयुष्यभर अंतर राखून आहे.

संस्थेत सगळे त्यांना 'मास्साब' म्हणत, मी 'मास्तर'. ते मला 'ग्रंथपाल' म्हणत. परगावी दोन मराठी माणसं भेटली की आधी जिल्हा विचारतात आणि मग डबा उघडतात. आमचंही तसंच झालं. रोज एक वाजता, वर्कशॉपच्या मागे.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास एकदा डबा संपवून ते म्हणाले, "ग्रंथपाल, तुम्हाला कॉम्प्युटर येतो. गाठ येते का?"

"बुटाची येते."

"ती पण चुकीची बांधता. मी बघितलंय. तुम्ही मला हवे आहात."

त्यांचं म्हणणं असं : स्काउटची पुस्तकं लिहिणाऱ्यांना गाठी आधीपासून येत असतात, म्हणून त्यांचं लिहिलेलं फक्त येणाऱ्यालाच समजतं. इकडे गावोगावच्या शाळांत मुख्याध्यापक एका सकाळी कुणाच्या तरी गळ्यात स्कार्फ घालतात आणि सांगतात, आजपासून तुम्ही स्काउट मास्तर. तो बिचारा गणिताचा. त्याने काय करावं?

त्याच्यासाठी आम्ही वेबसाइट केली. लखनौतल्याच कपूरथला बाजारातल्या सायबर कॅफेत बसून, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर, हिंदीतून. गाठी, प्रथमोपचार, पाऊस आला तर वर्गात खेळायचे खेळ, सहलीला न्यायचं सामान, पालकांना पाठवायच्या चिठ्ठीचा नमुना. सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान होतं 'पहिल्या रविवारी काय करावं'. त्याची सुरुवात मास्तरांनी केली होती : 'घाबरू नका, मुलांनाही काही येत नाही.'

कामाची पद्धत ठरलेली. ते लिहिणार, मी फक्त वाचून करून बघणार. अडलो तर चूक माझी नाही, वाक्याची. पट्टी बांधायची एक साधी डॉक्टरी गाठ माझ्या हातून बसेपर्यंत त्यांनी ती अकरा वेळा लिहिली. फोटोही माझ्याच हातांचे. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख पेपर कटरने उभं चिरलेलं आहे. मी म्हटलं, "तुमचे हात घ्या, बरे दिसतील."

"बरे हात बघून माणूस घाबरतो," ते म्हणाले. "तुमचे बघून त्याला धीर येईल."

पान तयार झालं की खाली एक ओळ यायची : 'यह पढ़कर ग्रंथपाल जी ने कर लिया है।' त्या ओळीशिवाय एकही पान चढलं नाही. हिंदी वाचकांना ते कुणाचं तरी नाव वाटलं. साइटवर ग्रंथालयाचा फोन दिलेला होता, त्यामुळे दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं, "ग्रंथपाल जी हैं?" सीतापूरकडच्या एका शाळेतल्या बाई तर नेमाने फोन करत. त्या शनिवारी कॅफेत जाऊन एक पान छापून आणायच्या आणि रविवारी तेवढंच शिकवायच्या. मला 'आदरणीय' म्हणणारी ती आयुष्यातली पहिली व्यक्ती. सात-आठ वर्षं हे चाललं. मी पार्काचं दुसरं फाटक वापरणं बंद केलं होतं, एवढं कबूल करतो.

मग संस्थेच्या नोटीस बोर्डावर एक निमंत्रण लागलं. शहरातलं एक मोठं स्काउट मंडळ 'युवा नेतृत्व डिजिटल पोर्टल' लोकार्पण करणार होतं. मास्तर त्याबद्दल काहीच बोलले नव्हते. मी गंमत बघायला गेलो.

गंमत यथासांग होती. समई पेटायला तयार नव्हती, माइक शिट्ट्या घालत होता, अध्यक्ष पाऊण तास नम्रतेवर बोलले. मग त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर माझा अंगठा आला. दहा फूट उंच, चिरलेल्या नखासह. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एकेक पान सरकत गेलं. डॉक्टरी गाठ, पावसातले खेळ, पहिला रविवार. मजकूर तोच, स्वल्पविरामसुद्धा तेच. फक्त तळाची ओळ नव्हती. तिथे लिहिलं होतं : 'संकलन – मुख्यालय.' मी मंचाकडे बघितलं. कडेच्या खुर्चीवर, शाल पांघरून, मास्तर बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. अजिबात न बघणाऱ्या माणसाला तुम्ही कुठे आहात हे नक्की माहीत असतं.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

"कधी दिलंत?"

"दोन महिने झाले."

"दोन महिने आपण रोज एकत्र जेवतोय, मास्तर."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून विचारलं नाही?"

"म्हणूनच." त्यांनी शालीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी पुढच्या वर्षी रिटायर होतो. नंतर कोण बघणार हे? त्यांच्याकडे माणसं आहेत, मशिनं आहेत. सगळ्यांना उघडं ठेवू म्हणालेत."

"लिहून घेतलंत?"

ते दुखावल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. "अध्यक्षांनी डावा हात दिलाय, ग्रंथपाल."

स्काउट लोक डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. उजव्या हातात शस्त्र असतं आणि डाव्या हातात ढाल. विश्वास असेल त्याच्यासाठी ढाल खाली ठेवायची, असं काहीसं ते शिकवत. त्या हातावर त्यांनी पासवर्ड देऊन टाकला होता. त्यांच्या नियमांत पहिलाच नियम आहे, स्काउट विश्वासू असतो. अध्यक्षांनाही तो लागू आहे, अशी त्यांची समजूत होती.

"आणि तळाची ओळ?" मी विचारलं.

"ती अधिकृत वाटत नाही म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी चहा संपवला.

पुढच्याच शनिवारी ग्रंथालयाचा फोन वाजला. "ग्रंथपाल जी, पन्ना खुल नहीं रहा. यूनिट नंबर माँग रहा है. हमारे स्कूल का तो कोई नंबर ही नहीं है." सीतापूरच्या बाई होत्या; पानं आता फक्त मंडळाकडे नोंदलेल्या पथकांनाच उघडत होती. त्यांना मी सांगितलं, ते आता माझ्याकडे नाही. "तो किसके पास है?" हे त्यांनी भाबडेपणाने विचारलं.

मास्तर मंडळाच्या कार्यालयात तीन चकरा मारून आले. पहिल्यांदा अध्यक्ष बैठकीत होते, दुसऱ्यांदा दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटले आणि प्रेमाने पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्साब, सिस्टम है." हे मला इतरांकडून कळलं, कारण मी आता डबा ग्रंथालयातच खात होतो. एकदोनदा ते दारापर्यंत आले. मी नवीन पुस्तकांवर शिक्के मारत राहिलो. मला पासवर्डचं दुःख नव्हतं. अकरा वेळा माझ्यासाठी वाक्य बदलणाऱ्या माणसाला एकदा विचारावंसं वाटलं नाही, हे मला गिळता येत नव्हतं.

रिटायर झाल्यावर ते शहराच्या टोकाला, वृंदावन योजना वसाहतीत राहायला गेले आणि वर्ष-दोन वर्षांनी मुलाकडे नागपूरला निघाले. संस्थेतले चार लोक अमौसी विमानतळावर पोचवायला गेले, मीही गेलो. आत जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्यासमोर येऊन डावा हात पुढे केला.

मी उजवा केला.

दोन हात समोरासमोर तसेच राहिले, एकमेकांत न बसणारे. मग त्यांनी मान हलवली, त्याच डाव्या हाताने बॅग उचलली आणि सरकत्या काचेच्या दारातून आत गेले. पुढे त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

महिन्याभराने सीतापूरच्या बाईंचा आला. मोबाइलवर, त्याही आता व्हॉट्सॲपवर होत्या. "ग्रंथपाल जी, मास्साब ने जाने से पहले सारे पन्ने हाथ से लिखकर भेज दिए हैं. पूरा बंडल है. पर हर पन्ने के नीचे लिखा है कि आपने अभी किया नहीं है. तो बच्चों को सिखाएँ, कि रुकें?"

"एक फोटो भेजिए," मी म्हटलं.

फोटो आला. खूँटा फाँस, खांबाला दोरी बांधायची गाठ. पोर्टलवर गेलेलं पान त्यांना आठवून लिहावं लागलं होतं, म्हणून वाक्यं नवी होती. अक्षर काचेवर काढल्यासारखं सरळ. तळाशी, रेघ मारून : 'ग्रंथपाल जी ने अभी नहीं किया है।'

मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि खुर्चीच्या पायाला बांधायला बसलो. तिसऱ्या ओळीत अडलो. 'अब सिरा नीचे से निकालें' – कशाच्या खालून? पहिल्या फेऱ्याच्या की दुसऱ्या? पूर्वी अशा वेळी मी नुसतं वर बघायचो, हात मागे धरून उभा असलेला माणूस म्हणायचा, "थांबा, वाक्य चुकलं."

दोन्हीकडून करून बघितलं. दुसऱ्या फेऱ्याखालून बसते. तेवढे दोन शब्द घालून मी बाईंना उत्तर पाठवलं. खाली जुनी ओळ लिहिली आणि पुढचं पान मागवलं.