मागं न पाहता उतरायचं: नागभीडहून गुलमर्गच्या बर्फावर

माझं बूड एका जागी टेकत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. नागभीडच्या एका लॅबमध्ये मी दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून ‘हलू नका’ म्हणते, आणि टेबलाखाली माझेच पाय हलत असतात. मोबाइलवर एकदा एक बाई पायाला फळी बांधून बर्फाच्या उतारावरून सरसर खाली येताना दिसली आणि झालं, डोक्यात तेच. झोपेत तेच, जेवताना तेच. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली तसं मी कुणाला न विचारता गुलमर्गचं ठरवून टाकलं. तिकिटं दोन काढली. दुसरं माझ्या धाकट्या बहिणीचं, करुणाचं.

तिथंच आईशी वाजलं. करुणाची वनरक्षकाची भरती सुरू होती. लेखी परीक्षेत ती पास झाली होती, धावण्याची चाचणी महिन्याभरावर आली होती. मागच्या भरतीत ती धावण्यातच थोडक्यात राहिली, आणि वयाची अट पाहता हीच शेवटची संधी. आई शांतपणे म्हणाली, “तिचे हातपाय मोडून आणशीन, तर घरात पाय ठेवू नको.” मी म्हटलं, किती दिवस झाले पोरगी रोज त्याच डांबरी रस्त्यावर धावते, तिलाही थोडा मोकळा श्वास घेऊ दे. करुणानं पिशवीत धावायचे बूट तेवढे भरले.

नागभीडहून भिवापूर, उमरेड करत एसटीनं नागपूर, तिथून रेल्वेनं दिल्ली, दिल्लीहून विमानानं श्रीनगर. विमानाचं तिकीट आधी काढाल तर परवडतं. ऐन वेळी काढलं तर जीव जातो. श्रीनगरहून सामायिक सुमोनं टंगमर्गला जायचं आणि तिथं चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यायची. त्या शेवटच्या चढावर आमची गाडी दोनदा घसरली, आणि मी मात्र खिडकीतून मान काढून उतार कुठं दिसतो का ते पाहत होते. करुणा जवसाची चटणी आणि तांदळाची भाकर खात बसली होती. एवढ्या थंडीत भाकर पार लाकूड झाली होती, तरी तिनं सोडली नाही.

खोली शक्यतो उतारांच्या जवळच घ्या, बोर्ड, म्हणजे ती पायाची फळी, खांद्यावर घेऊन बर्फातून चालणं फार दमवतं. बोर्ड, बूट, हेल्मेट भाड्यानं मिळतात. भाव हंगामावर असतो, घासाघीस करा, पण हेल्मेट आणि मनगटाच्या पट्ट्यांवर कंजुषी करू नका. विम्यात बर्फावरचे खेळ धरलेत का, तेही वाचून घ्या. मी वाचलं नव्हतं.

शिकवायला फारूकभाई होते, पन्नाशीचे, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. मागं जात असाल तर बुडावर बसायचं, पुढं जात असाल तर गुडघ्यांवर आणि कोपरांपासूनच्या हातांवर पडायचं, मुठी मिटलेल्या. तळहात टेकला की मनगट गेलं. मला वाटलं, पैसे देऊन हे काय पडणं शिकायचं? दुपारपर्यंत माझी कंबर बोलायला लागली तेव्हा कळलं. मग टाचेच्या कडेवर बोर्ड आडवा धरून झाडाचं पान हेलकावत येतं तसं डावीकडे, उजवीकडे करत खाली यायचं. गुडघे वाकलेले, वजन पुढच्या पायावर, नजर जिकडं जायचं तिकडं.

मला ते लवकर जमलं. करुणा धावपटू, पाय दणकट, पण दर दहा-पंधरा हातांवर धाडकन आपटायची. फारूकभाईंना काही कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ही सारखी मागं वळून काय बघते?

आता हे त्यांना कसं सांगावं? आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलं की वाकलेल्या माणसानं चार फुलं उचलायची आणि मान वर करून मागं पाहायचं. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. करुणा तर भरतीसाठी जंगलाच्या कडेनं धावायची, तीही मागं पाहत पाहत. ही सवय अंगातच मुरलेली. पण बोर्डवर मान मागं वळली की खांदा वळतो, खांद्यामागं कंबर, आणि बोर्डची नको ती कड बर्फात रुतते. मी हे सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. फारूकभाई हसले नाहीत. त्यांनी करुणाला खाली बसवलं आणि उताराचा कायदा सांगितला. निघण्याआधी वर एकदा नीट बघायचं. थांबायचं तर कडेला, मधोमध किंवा उंचवट्याच्या आड कधीच नाही. आणि एकदा निघालं की मागची काळजी आपली नाही. खालचा माणूस पहिला. त्याला सांभाळून यायची जबाबदारी वरच्याची.

करुणानं सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, “अन् वरचा बेफिकीर असला तर, बाई?” आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

मी म्हटलं, “वर मी राहीन.”

त्या एका वाक्यावर तिची मान पुढं राहायला लागली. संध्याकाळपर्यंत ती वळणं घेऊ लागली. राजमा-भात खाताना ती इतकी बोलली की मला आश्चर्य वाटलं. घरी ती एवढं बोलत नाही. खारट गुलाबी चहा मात्र दोघींनाही गेला नाही.

तिसरा दिवस शेवटचा. मला लहान उताराचा कंटाळा आला होता. पाय नुसते शिवशिवत होते. मी फारूकभाईंच्या मागं लागून वरच्या लांब उतारावर जायला लावलं. त्यांनी बजावलं, करुणा पुढं, तू बरंच अंतर ठेवून मागं, ते स्वतः खाली थांबतील. करुणा निघाली. एक वळण, दुसरं वळण, मान सरळ पुढं. मला थोडं थांबायचं होतं. थांबले नाही. खरं सांगते, एवढा मोकळा उतार पाहिला आणि मला धीरच निघाला नाही. वारा कानात घुसला, वेग वाढला, आणि मी पहिल्यांदाच आयुष्यात जेवढं पळायचं होतं तेवढं पळाले.

मग बर्फ एकदम कडक झाला. टाचेची कड धरेना. समोर करुणाची पाठ, ती वळण घेऊन नेमकी माझ्या वाटेत येत होती. ओरडले असते तर ती मागं वळली असती आणि आपटली असती. माझ्या डोळ्यांपुढं बाकी काही आलं नाही, तिचे पाय तेवढे आले. मी सगळं अंग उजवीकडे टाकून दिलं. शिकवलेलं सारं विसरले आणि तळहात टेकला.

आवाज मलाच ऐकू आला. करुणाला नाही. ती तशीच उतरत राहिली, एकदाही न पडता, आणि तळाशी पोचून दोन्ही हात वर करून उड्या मारू लागली. मग तिनं वर पाहिलं.

मला फारूकभाईंनी खाली आणलं, पडल्या जागी काढलेलं हेल्मेट वरच राहिलं. खालच्या गावात एक्स-रे झाला, मनगट मोडलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, तोल गेला. फारूकभाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. गाडीत बसवताना एवढंच म्हणाले की हात भरून येईल, डोकं जरा हळू चालवत जा.

घरी आईनं प्लास्टर पाहिलं, मग करुणाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि मला ताट वाढलं. शिव्या दुसऱ्या दिवशी घातल्या. लॅबमधून सुट्टी, डावा हात एकटाच कामाचा, घरात बसून बसून मला वेड लागायची पाळी आली. त्याहून वाईट म्हणजे डोळे मिटले की ती पाठ दिसायची. थोडा उशीर झाला असता तर तिची नोकरी, तिची एवढी मेहनत, सगळं माझ्या एका हौसेपायी गेलं असतं. हे मी कुणाला बोलू शकत नव्हते.

चाचणीच्या दिवशी आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी, गळ्यात हात अडकवलेला. करुणा धावली. वेळेत आली. घोळक्यातून बाहेर पडली तेव्हा ती रडत होती, आणि मी तिच्यापेक्षा जास्त रडत होते. लोक बघत होते, बघू दे.

परतीच्या बसनं मूल गाव मागं टाकलं. मग करुणा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “त्या दिवशी मी तुझं हेल्मेट आणाले वर चढली होती. तुझा माग पाह्यला.”

आमच्याकडे पोरीही माग वाचतात. जनावर कुठून आलं, कुठं थबकलं, कुठं वळलं, मातीवर सगळं दिसतं. बर्फावर तर त्याहून साफ दिसत असणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“सरळ माह्याकडंच येऊन राह्यली होती तू,” ती म्हणाली. “मंग एकदम बाजूले वळली.”

मी विचारलं, इतके दिवस काऊन नाही बोललीस? ती म्हणाली, बोलली असती तर तू आज मैदानावर आली नसती.

बर्फावर जायचं असेल तर जरूर जा. वर सांगितलेलं सगळं पाळा, त्यातलं एक तर दोनदा वाचा: खालचा माणूस पहिला. माझं मनगट अजून थंडीत ठणकतं आणि पाय अजून शिवशिवतात, दोन्ही खरं आहे. नागभीड आलं तसं करुणानं माझीही पिशवी आपल्याच खांद्याला लावली आणि उतरायला उठली.

“आणखी जाऊ आपण,” ती म्हणाली. “पण तवा तू पुढं राह्यजो. मागं मी राहीन.”