मंत्र्याच्या घरची विहीर

माझे थोरले दीर मुंबईत मंत्री झाले ती बातमी घरात मीच वाचून दाखवली. नगरच्या मिशन शाळेत सातवीपर्यंत शिकलेली मी त्या घरातली एकटीच वाचणारी बाई. वर्तमानपत्र आलं की सासूबाई मला चुलीपासून उठवून ओसरीच्या दारात बसवायच्या. त्या दिवशी त्यांनी लेकाचं नाव पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. खातं मिळालं होतं बांधकामाचं. रस्ते, पूल, कालवे, सगळं आता आपल्या दादाच्या हातात, असं माझे यजमान गावभर सांगत सुटले.

थोरल्या दिरांशी मी लग्न झाल्यापासून समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे रीतच होती तशी. धाकट्या भावजयीनं दाराआड राहायचं आणि काही विचारायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. तिसरं कुणी नसलं तर मी मांजराला विचारायची, "भाकरी वाढू का म्हणावं?" आणि ते मांजरालाच सांगायचे, नको. मांजर बिचारं दोघांकडे बघत बसायचं. पण दाराआडून माणूस फार चांगला कळतो. समोरच्यासाठी चेहरा करावा लागतो, दाराआडच्या बाईसाठी तो कोण कशाला करील?

त्यांची चढती मी अशी आडून पाहिली. वकील झाले, मग लोकल बोर्डावर निवडून आले. तेव्हा नवी शाळा ओढ्यापलीकडच्या गावाला मिळायची की आम्हाला, अशी चुरस होती. पलीकडचे लोक आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेले आणि "शाळा तुमचीच," असं ऐकून खुशीत परतले. मतं पडली, आणि शाळा आमच्या गावात आली. आम्ही पेढे वाटले. फसलेली माणसं दुसऱ्या गावची होती, त्यामुळे आम्हाला ती हुशारी वाटली. पेढा घशात अडकला असं आज म्हणेन तर खोटं होईल, चांगला लागला.

बेचाळीसमध्ये ते तुरुंगात गेले आणि वाळून परत आले. आधी हो किंवा नाही म्हणणारा माणूस आता 'बघू' म्हणायला लागला. लोकांना त्यात मोठेपणा दिसायचा. मला त्या 'बघू'ची धास्ती वाटायची. तो शब्द आला की समोरच्याचं काम आधीच निकालात निघालेलं असायचं, फक्त त्याला ते ठाऊक नसायचं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सरकारी माणसं गावात आली. तिपायीवरची दुर्बीण, साखळ्या, आणि चुना फासलेले दगड. मंत्र्याचं गाव म्हणून उतरली आमच्याच घरी. गावानं ठरवून टाकलं की रस्ता येणार. खालच्या अंगाला पाटाचं पाणी, ऊस, साखर कारखाने, आणि आमच्याकडे धड बैलगाडीची वाट नाही, तेव्हा आपल्या माणसानं आधी रस्ताच दिला असणार. बायका दगडांना हळदकुंकू वाहू लागल्या. सासूबाईंनी तर एका दगडाला खण वाहिला.

त्या माणसांचा ओव्हरसियर कोकणातला होता, वयानं कोवळा. आधी आवडीनं जेवायचा. दगडांची पूजा पाहिली त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. निघायच्या दिवशी सासूबाई त्याला टॉवेल-नारळ द्यायला लागल्या तर तो मागं सरला. "आजी, मला हे देऊ नका," एवढंच म्हणाला. मी परसात त्याला गाठलं आणि रस्ता कुठून जाणार ते विचारलं.

"वहिनी, रस्ता नाही."

"मग काय हाय?"

"साहेबांना विचारा. तुमच्या घरचेच आहेत."

दुसऱ्या दिवशी मी सरपणाच्या निमित्तानं टेकडीवर चढले. रस्ता एकीकडून येतो आणि दुसरीकडे जातो. हे दगड कुठंच जात नव्हते. सगळे एकाच उंचीवर, डोंगराच्या अंगानं गावाला वळसा घालून नदीच्या अरुंद खिंडीशी दोन्ही बाजूंनी पोचले होते. घागरीत पाणी कुठवर आलं ते आतल्या ओल्या कडेवरून दिसतं, तशी ती कड दिसत होती. गाव तिच्या आत होतं. देवळाचा कळससुद्धा दगडांच्या खाली. खाली नदीकाठच्या रानात माझे यजमान दोन गडी घेऊन नवी विहीर खोदत होते. काळा पाषाण लागला होता, सुरुंग लावून एकेक हात खाली जात होते. घरातलं विकण्यासारखं सगळं त्या खड्ड्यात गेलं होतं. माझ्या पाटल्याही.

मी यांना सांगितलं. हे हसले. "दादा मंत्री हाईत. आपल्या आईचं घर बुडवत्याल व्हय?"

माघात गावची जत्रा होती आणि मंत्री आले. मोटार, पोलीस, तोरणं, भाषण. भाषणात रस्ताही नव्हता आणि धरणही. दुपारी ते जेवायला बसले. सासूबाई समोर पाटावर वारा घालत होत्या, इतक्यात बाहेर कुणी पाया पडायला आलं म्हणून त्या उठून गेल्या. हे भाषण ऐकून विहिरीवर परतले होते, घरात आम्ही दोघंच राहिलो. मी दाराआडून बाहेर आले आणि त्यांच्या ताटासमोर उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर ओढला नाही.

"आपलं घर त्या दगडांच्या वर का खाली?"

त्यांचा घास हातातच राहिला. मला ते बघू म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "खाली."

मग ताटाकडे बघतच ते मला समजावू लागले. खालच्या तालुक्यांना बारमाही पाणी मिळेल. कुणाचं तरी गाव जाणारच. आपलं सोडून दुसऱ्याचं बुडवलं तर लोक काय म्हणतील? बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

"मग यांस्नी सांगा तसं," मी म्हणाले. "विहीर तरी थांबू द्या."

"विहीर थांबवू नका." आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंत्र्याच्या घरचं काम थांबलं की गावाला त्याच दिवशी कळेल. मंजुरी येईपर्यंत काम चालू दिसलं पाहिजे. त्याचं मी पुढं बघेन."

सासूबाई परत आल्या तेव्हा मी दाराआड होते आणि ते दुसरी भाकरी मागत होते, अगदी नेहमीच्या आवाजात. दाराच्या चौकटीला धरून मी उभी राहिले. स्वतःच्या भावाला दगडात राबायला सोडणारा माणूस भाकरीवर तूप मागून घेत होता.

मोटार वेशीबाहेर गेली तशी मी तडक शेत गाठलं आणि यांना शब्दन् शब्द सांगितला. हे विहिरीच्या काठावर पहार टेकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर यांचा चेहरा असा काही उतरला की मला वाटलं, पटलं. पण यांना वाईट वाटलं होतं ते माझं.

"दादा तुज्याशी बोललं?" हे म्हणाले. "सख्ख्या धाकल्या भावजयीशी? तोंडावर? इतक्या वर्सांत कवा बोललं न्हाईत, आन आजच बोललं व्हय? पाटल्या गेल्या त्याचा राग हाय तुला, मला ठावं हाय. पन त्यापायी दादावर असला आळ घेऊ नगं."

मी सासूबाईंची शपथ घेतली, देवाची घेतली. यांनी खाली उतरायला दोर धरला.

उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीला पाणी लागलं. गोड, भरपूर पाणी. हे चिखलानं माखलेले घरी आले, गावभर गूळ वाटला आणि शेवटचा खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आता तरी दादावर भरवसा ठेव."