माळावरचे लाल दगड

दुपारची भांडी घासून झाली की मी ओट्यावर बसते आणि समोरचा माळ बघत राहते. उन्हात तो पाण्यासारखा हलतो. बघता बघता मला त्यात तो सोमालियाचा माणूस दिसायला लागतो. उंच, काटक, उतारावर वाकून काहीतरी मोजणारा.

पुण्यात तो भूगोलात पीएच.डी. करत होता. पावसानं माळावरची माती किती वाहून जाते, ते त्याला बघायचं होतं. राहायला आमची मागची खोली, जेवण आमच्यातच. हिंदी-मराठी मिसळून बोलायचा. त्याच्या गावाकडंही असाच माळ होता. वडील तिथं उंट चारायचे आणि वर्षागणिक गवत कमी होत चाललं होतं. शिकून परत जायचं, तिथल्या कॉलेजात शिकवायचं, एवढंच त्याच्या मनात. आई वाट बघत होती. मी चुलीकडं तोंड करून ऐकायची. भाकरी करपायची आणि उंट माझ्या चुलीपुढून हळूहळू निघून जायचे.

तिसगावच्या बाजारातून त्यानं लाल रंग आणला, लहान लहान दगड रंगवले आणि उतारावर ओळीनं मांडले. पावसाळा सरला की कुठला दगड किती घसरला ते मोजायचं. ही मोजणी झाली की शिक्षण पुरं. मधे कामासाठी तो पुण्याला गेला.

परत आला तर उतार रिकामा. सगळे दगड कडुलिंबाखाली उभे केलेले, हळद-कुंकू लावलेले, पुढं नारळ. गवत कापायला गेलेल्या बायकांना वाटलं, शेंदूर लावलेले देव असे पावसात पडलेत. त्यांनी उचलून आडोशाला बसवले.

तो तिथंच बसला. "आईला काय सांगू?" म्हणाला. अख्खं वर्ष वाया गेलं होतं.

संध्याकाळी बायका आमच्या ओट्यावर जमल्या, चेहरे उतरलेले. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी दुसरा रंग देतो. पिवळा?"

"पिवळा खंडोबाचा," सासूबाई म्हणाल्या.

"हिरवा?"

"त्यो पिराचा."

"मग काळा."

"आन् शिंगणापूर काय लांब हाय व्हय रं बाबा?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "काळ्यावर तर बाया तेल वततील!"

सगळ्या हसल्या. तोही हसला, पण लगेच खाली बघायला लागला.

मी दाराआड होते. परक्या माणसासमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. त्या दिवशी कसा निघाला, कळलं नाही.

"भाऊ, रंग ऱ्हाऊ द्या. तुमी सरपंचाला सांगितलं, गड्यांना सांगितलं. माळावर तर आमी जातो. आमाला सांगा की."

सगळे दाराकडं बघायला लागले. मी आत पळाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना उतारावर नेलं आणि माती कशी जाते ते दाखवलं. कडुलिंबाखालचे दगड त्यानं हलवू दिले नाहीत, नवे रंगवले, लालच. पुढच्या पावसाळ्यात बायका ओळीला वळसा घालून जायच्या. कुणाची शेळी तिकडं वळली तर चार जणी ओरडायच्या. त्या वर्षी मोजणी पुरी झाली.

आता तो त्याच्या देशात प्रोफेसर आहे. कधीमधी सासूबाईंना व्हिडिओ कॉल करतो. मागच्या खेपेला त्यानं मोबाईल फिरवून तिथला माळ दाखवला. चार-पाच बायका जमिनीवर बसल्या होत्या.

"दगड अजून मांडले नाहीत, वहिनी," तो म्हणाला. "आधी यांना सांगतोय."

त्यातल्या एकीनं मोबाईलकडं बघितलं आणि लाजून ओढणी तोंडावर घेतली. इकडं माझाही पदर तोंडावर होता. पदराआडून मी तिच्याकडं बघत राहिले, तीही बघत राहिली.