लिंपण वाळेपर्यंत

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. मधले चौदा दिवस सोडले तर. पण ते डॉक्टरच्या हुकमाने गेले, त्यामुळे आत्या ते धरत नाही. शेणव्याच्या बाजूला तिचं गाव आहे आणि गावात तिची मान हा बोलण्याचा एक स्वतंत्र विषय आहे. लहानपणापासून डोक्यावर हंडे, मोळ्या आणि भाताचे भारे वाहिल्याने ती अशी ताठ झाली, असं काहीजण म्हणतात. मला वाटतं, ती जन्मली तीच सुईणीकडे रोखून बघत. देवळात ती हात जोडते, पण नजर देवाच्या नजरेला भिडवून. तिच्या घराचं दार ठेंगणं आहे. येणारा प्रत्येक माणूस तिथे वाकतो, नाहीतर चौकट कपाळात बसते. आत्या वाकत नाही. ती गुडघे मोडते, मान सरळ ठेवते आणि विहिरीत घागर सोडावी तशी खाली होऊन आत जाते. आधार कार्डाचा फोटो काढणाऱ्याने "आजी, हनुवटी जरा खाली," म्हटलं, तर तिने त्याला सांगितलं, "तुजा क्यामेरा वर घे." तो बिचारा स्टुलावर चढला. त्या कार्डावरची आत्या आजही बघणाऱ्याकडेच ओळखपत्र मागते आहे असं वाटतं.

मानेच्या खालोखाल तिला अभिमान भिंतीचा. मुलाला मुरबाडला कंपनीत नोकरी लागली, त्याने पुढे सिमेंटची खोली बांधली, पण ओटीची भिंत आत्याने कारवीच्या काटक्यांच्या कुडाचीच ठेवली. पाऊस संपला की ती माती, शेण आणि भाताचं तूस पायाने मळते आणि हाताने भिंत लिंपते, अशी की दुसऱ्या गावच्या बायका बघायला येतात. तिचा नियम एकच, लिंपण वाळेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. हा नियम माणसांना, कोंबड्यांना आणि शेळ्यांना सारखाच लागू आहे. चौथीत असताना मी एकदा ओल्या भिंतीला पाठ टेकली होती. तिचा वळ भिंतीवर नाही, माझ्या पाठीवर उठला.

या नियमापायीच धाकलीशी बिनसलं. धाकली म्हणजे आत्याची धाकटी जाऊ. शेजारच्याच घरात राहायची. ठेंगणी, गोल, आणि कारण नसताना हसणारी. एका वर्षी ओटीवर तिचा पाय घसरला, हातातली घागर वाचवताना तिने दुसरा हात टेकला तो थेट ओल्या भिंतीवर. पाच बोटं आणि तळवा, असा अख्खा पंजा उमटला. आत्या म्हणाली, मुद्दाम केलं. धाकली हसली आणि म्हणाली, "भित हाय गो ती, देव नाय." घसरलेला पाय आत्याने कदाचित माफ केला असता, पण हे वाक्य नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. अकरा वर्षं. मधे एक कुंपण आणि दोन अळवाची रोपं. दर वर्षी आत्या सगळी भिंत नव्याने लिंपायची, पण तो पंजा तेवढा सोडून, त्याच्या भोवतीने. आल्यागेल्याला ती तो दाखवायची आणि म्हणायची, "पुरावा हाय."

आता तिच्या डोळ्यांविषयी सांगतो, आणि इथे मला माझीही एक गोष्ट कबूल करायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी आत्याच्या उजव्या डोळ्यासमोर एका कडेने काळं उतरायला लागलं. सगळे म्हणाले, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी फळ्यावर डोळा काढतो, मागच्या कडेला लाल खडूने दृष्टिपटल दाखवतो, आणि मीच म्हणालो, पिकू दे. आत्या पिकण्याची वाट बघत बसली. शेवटी शिबिराच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की मोतीबिंदू नव्हताच, आतला पडदा सुटला होता, आणि आता उशीर झाला होता. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून एका कापणीच्या दिवसांत तिचा फोन आला, "मास्तर, डाव्या डोळ्यात काजवे आलेत. दिवसाउजेडी काजवे येत नाय, येवढं मला कळतं. गाडी काढ," तेव्हा मी शाळेतून तसाच निघालो. मोटारसायकलवर मागे ती ताठ बसली होती आणि ठाण्याच्या दवाखान्यापर्यंत एकच वाक्य बोलली, "कडेनं काळं यायला लागलंय."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मोठा डोळा उघडून दाखवला. आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, उजेड त्याच्यावर पडतो, बाहेरचं चित्र तिथे उलटं उमटतं, मग एका जाड शिरेतून मेंदूला निरोप जातो आणि मेंदू ते सुलट करून घेतो. आत्याने एवढं ऐकून माझ्याकडे बघितलं. "मंजे जलमभर मी याला उलटा बघितला?" बाई हसल्या. मग म्हणाल्या की पडद्याला बारीक चीर पडली आहे, तिच्यातून पाणी मागे शिरतंय आणि पडदा सुटत चाललाय. आत्या पुढे सरकली. "कुडाला पाणी लागलं का लिंपण फुगून सुटतं, तसं?"

"अगदी तसंच."

"उजव्याच्या टायमाला असं कुणी सांगितलं नाय," आत्या म्हणाली. मी त्या प्लॅस्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिलो.

मग अट आली. ऑपरेशन करून आत वायूचा फुगा सोडायचा. बुडबुडा नेहमी वर चढतो. तेव्हा तोंड जमिनीकडे ठेवलं तरच तो मागच्या पडद्याला दाबून धरणार. चौदा दिवस जेवताना, झोपताना, चालताना मान खाली. नाहीतर पडदा पुन्हा सुटेल, आणि डोळा एकच उरलाय. मी आत्याच्या मानेकडे बघितलं. बाईंना कल्पना नव्हती त्या काय मागत होत्या. आत्याने प्लॅस्टिकच्या डोळ्यातला पडदा बोटाने एकदा दाबून बघितला. मग म्हणाली, "वाळाया चौदा दिवस लागतील, असं म्हना की. चालंल." निघताना बाईंनी बजावलं, फुगा असेपर्यंत विमानात बसायचं नाही, घाटही चढायचा नाही, उंचावर वायू फुगतो. घाटाच्या निमित्ताने माळशेजवरच्या भाच्याचं लग्न तिने टाळलं, आणि पुढे महिनाभर गावात सांगत होती की डॉक्टरने मला इमान बंद केलंय.

ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर प्रश्न आला झोपण्याचा. जमिनीवर पालथं झोपून नाक चेपत होतं. आत्यानेच तोड काढली. सुतळीची बाज होती, तिच्या डोक्याकडच्या चार दोऱ्या मला कापायला लावल्या, भोकाच्या कडेला जुनं लुगडं गुंडाळलं आणि त्यात तोंड घालून ती पालथी झाली. आता भेटायला येणाऱ्यांची पंचाईत. आत्याशी बोलायचं तर तिच्या तोंडाकडे बघून बोललं पाहिजे, पाठीशी बोललेलं तिला चालत नाही. म्हणून बाजेखाली चटई अंथरली गेली आणि जो येईल तो पाठीवर आडवा होऊन बोलू लागला. पोलीस पाटील मिशीसकट आडवा झाला. भजनी मंडळ दोघादोघांनी आलं. गावातल्या लोकांनी आत्यापुढे इतकं लवावं अशी सोय साऱ्या जन्मात झाली नव्हती, आणि हे ती वरून पुरेपूर जाणून होती.

येणाऱ्याला ती डोळा समजावून सांगायची. माझ्या वर्गात तो धडा दोन तास चालतो आणि निम्मी मुलं झोपतात. आत्या पाच मिनिटांत उरकायची. "आत कंपनी हाय. दोन पाळ्या. येक दिवसपाळी, ती रंग बगते, बारीक काम करते, सुईत दोरा घालते. दुसरी रातपाळी, तिला रंगाचं काय कळत नाय, पन अंधारात तीच कामाला येते. दोगींचा निरोप येका वायरनं मेंदूला जातो. जितनं वायर भायेर पडते तितं मानूस बसवायला जागा नाय, तितं आपन समदे आंधळेच. तू पन." एवढं ऐकून पोलीस पाटील बाजेखालून निघाला तो डोळे चोळतच. मी तिचं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि आता वर्गात तसंच शिकवतो. एकही मूल झोपत नाही.

पहिले सहा दिवस तिची मान वर झाली नाही. पेज पिताना नळी, चालताना नजर पायाच्या अंगठ्यावर. सून शेजारच्या खोलीत भिंतीला पोचारा देत होती, तर आत्या नुसत्या आवाजावरून म्हणाली, "हात उचलून मार गो, घासू नको." पण भात कापणीला आलं होतं, थांबणारं नव्हतं. मुलगा पाळीवर, सून शेतावर, मी शाळेत. दुपारी घरात कुणी नसायचं, आणि झोपेत माणसाला नियम आठवत नाही. सातव्या दिवशी सून परत आली तेव्हा आत्या कुशीवर वळलेली होती. किती वेळ, कुणाला माहीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला. "मास्तर, मला बाजंला बांधून ठेव," ती म्हणाली. मी नाही म्हणालो, पण रात्रभर मला तेच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अर्धी शाळा करून मी शेणव्याला पोचलो. ओटीच्या दारातच थांबलो. बाजेशेजारी पाटावर धाकली बसली होती, हातात बैल हाकायची काठी. आत्या झोपेत वळायला लागली. धाकलीने काठीचं टोक तिच्या कमरेला टोचलं.

"उपडी हो. लिंपण वाळलं नाय अजून."

अकरा वर्षांनी त्या ओटीवर तिचा आवाज आला. आत्या जागी झाली, पालथी झाली. मी चपला काढायचं विसरून तसाच उभा.

"कोन गो ती?" आत्याने विचारलं. तिला चांगलं माहीत होतं.

"भित हाय," धाकली म्हणाली.

मग आत्या म्हणाली, "पाठीशी काय बोलतेस? खाली ये." धाकली काठीसकट बाजेखाली शिरली. तिच्या अंगाचा घेर बघता ते सोपं काम नव्हतं. आत वायूचा फुगा असताना आत्याला सगळं धूसर दिसायचं, फक्त अगदी वितीच्या आत धरलेलं तेवढं लख्ख दिसायचं. म्हणून आत्या सांगत गेली, "वर ये. आजून. आजून वर," आणि धाकली कोपरांवर उठत गेली, नाकाला नाक लागेपर्यंत. आत्याने बराच वेळ बघितलं.

"तुजं गोंदन फिकं झालं गो."

"आकरा वर्सं झाली. तुजं नाक तितंच हाय."

नंतर खालून हसण्याचा आवाज आला. धाकलीचा तर आलाच, वरूनही आला. "हसू नको, फुगा हलंल," धाकली दटावत होती आणि स्वतः थांबत नव्हती. मी चपला काढल्या आणि उगाचच मागच्या अंगणात जाऊन पाणी प्यायलो.

उरलेले सगळे दिवस धाकली काठी घेऊन बसली. स्वतःच्या शेतावर तिने मजूर लावला. महिन्याभराने फुगा विरला, डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की पडदा बसला. तक्त्यावरची अक्षरं आत्याला वाचता येत नाहीत, तिने बाईंच्या कुंकवाचा रंग आणि साडीवरचे ठिपके सांगितले. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सरळ रेषा तेवढ्या तिला किंचित वाकड्या दिसतात. त्यापायी सिमेंटच्या खोलीची चौकट वाकडी बसवली म्हणून तिने गवंड्याला दोनदा बोलावून घेतलं. आणि तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. "दिवसपाळी हजर झाली," ती म्हणते, "रातपाळीची मानसं परत आली नाय."

ती उणीव धाकलीने भरून काढली. उजेड कमी झाला की दोघी ओटीवर बसायच्या, आणि रस्त्याने कोण येतंय ते धाकली सांगायची. सांगायची म्हणजे थापा मारायची. "तुजा व्याही येतोय गो, हातात कोंबडा हाय." आत्या लगबगीने उठून चहाचं बघायची, आणि अंगणात कुणाची तरी म्हैस येऊन उभी राहायची. रोज फसायची आणि रोज भांडायची. "माजी रातपाळी ही. खोटारडी हाय," असं सगळ्यांना सांगायची. भिंतीवरच्या पंज्याचं मात्र तसंच राहिलं. धाकली म्हणायची, आता तरी बुजव, लोकं हसतात. आत्या म्हणायची, फुडच्या वर्षी.

या पावसाळ्यात धाकली गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पाऊस सरल्यावर मी गेलो तेव्हा आत्याने भिंत लिंपायला काढली होती. सगळी ओली, गार, शेणाचा वास सुटलेला, आणि मधोमध तो पंजा जुन्या रंगात, कोरडा. भोवतीने लिंपण नेहमीपेक्षा जपून फिरवलेलं दिसत होतं.

"तेवढं राहिलं का आत्या?" मी विचारलं.

"ऱ्हायलं नाय. ठेवलंय."

आम्ही ओटीवर बसलो. दिवस मावळला, समोरचा रस्ता करडा झाला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कोन येतंय रे?" पाटलाची म्हैस येत होती.

"तुझा व्याही येतोय," मी म्हणालो. "हातात कोंबडा आहे."

आत्या उठली नाही. जराशी हसली. मग तिने मान खाली घातली, आणि म्हैस अंगणातून निघून गेली तरी वर केली नाही.