पथारीवरचा हुंकारा

भिकुबाईच्या वाटेला जायचं नाही, हे नंदुरबारच्या मिरची पथारीवर नव्या आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवायची आणि मग ओळीनं बसून देठ खुडायचे, हे तिथलं काम. भिकुबाईनं त्यात उमर काढली. मिरचीनं हात जळतात, डोळे जळतात, आणि बाईची जीभ त्याहून तिखट. एका मुकादमानं तिला ‘ए म्हातारे’ म्हणून हाक मारली, तर तो पथारी सोडून जाईपर्यंत तिनं त्याला ‘बाळा’ म्हटलं, तेही मालकासमोर. गरीब होती, पण गरीब गाय नव्हती. अपमान गिळायचा, पोटात ठेवायचा आणि वेळ आली की व्याजासकट बाहेर काढायचा, असा तिचा स्वभाव.

पण ही बाई गोष्ट सांगायला लागली की मुकादमसुद्धा चहा गार होऊ देत उभा राहायचा. आणि आमच्याकडे गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणावं लागतं. याला हुंकारा देणं म्हणतात. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं तोंड मिटायचं. आणि ज्यानं हुंकारा धरला, त्यानं गोष्ट संपेपर्यंत सोडायचा नाही, मग मांडीला मुंग्या येवोत की घरी भात करपो. पथारीवर देठ खुडता खुडता साऱ्या बाया एका सुरात हुंकारा द्यायच्या, तो रस्त्यावर रिक्षावाल्यांना ऐकू जायचा.

तिच्याकडे हसवणाऱ्या गोष्टी ढीगभर होत्या. एक मात्र तशी नव्हती. ती तिच्या थोरल्या बहिणीची, कमलची. कमलला तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात दिलं होतं. दुसऱ्या वर्षी ती विहिरीत सापडली. पाणी भरताना पाय घसरला, असं सासरचे म्हणाले आणि माहेरच्यांनी मान हलवून ते मान्य केलं. पण घागर घरात होती, चुलीमागं, कोरडी. ती भिकुबाईनं लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं मोठेपणी ते पथारीला सांगितलं. कमल कशी हसायची, सासूनं तिचं बोलणं कसं कमी कमी करत आणलं, आणि शेवटी ती घागर न घेता विहिरीकडे का गेली. ही गोष्ट सांगताना भिकुबाई मध्येमध्ये थांबायची आणि बाया हुंकारा द्यायच्या. त्या थांबण्यातच सगळी गोष्ट होती.

शहरात नवनीत नावाचे एक गृहस्थ ‘तापीकाठ लेखनमंच’ चालवत. रंगभूमी, पडदा आणि रेडिओ यांसाठी अहिराणीत लिहिणारी माणसं घडवायची, असा त्यांचा उद्देश. फलकावर तसं लिहिलंही होतं. पथारीवरची रंजिता जरा शिकलेली. तिनं मोबाईलवर कार्यशाळेची बातमी वाचली आणि भिकुबाईला ओढत नेलं. सोबत साऱ्या बाया गेल्या, कारण हुंकाऱ्याशिवाय भिकुबाई बोलणार नव्हती. तिनं कमल सांगितली. नवनीत रडला, खरंच रडला. मोबाईल मात्र त्यानं रडताना हलू दिला नाही, सगळं नीट रेकॉर्ड केलं.

“माय, तुमचं नाव व्हई,” तो म्हणाला. “फक्त गोट अजून कच्ची शे. मी हात फिरावस.”

हात असा फिरवला, की काय सांगू. हंगाम उलटला आणि एके दिवशी रंजितानं भिकुबाईसमोर मोबाईल धरला. नवनीतच्या नव्या नाटकाची झलक होती. त्यात कमल होती, तिरळी, जाडजूड, डोक्यावर घागर. ती धपकन विहिरीत पडते आणि आतून ओरडते, नवरा वरून म्हणतो, आलीच आहेस खाली तर पाणी घेऊनच ये. आणि लोक खदाखदा हसतात. वाक्यं भिकुबाईची, थांबायच्या जागा भिकुबाईच्या. खाली नाव, लेखक-दिग्दर्शक नवनीत.

भिकुबाईनं पदराला हात पुसले आणि तशीच त्याच्या कार्यालयात गेली. नवनीतनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“माय, असं शे, गोट कोनीच मालकीनी नही ऱ्हास. ती लोककथा शे. आनी रडगाणं कोन देखस आते?”

लोककथा. सख्खी बहीण, आणि लोककथा. भिकुबाईनं पाण्याला हात लावला नाही. परत येऊन ती देठ खुडायला बसली. बायांनी विचारलं, पोलिसात जायचं का? ती म्हणाली, पोलीस लिहून घेतील की गोष्ट चोरीला गेली, आणि मग तेही हसतील. त्या दिवसापासून तिनं एकही गोष्ट सांगितली नाही. पथारी मुकी झाली. रात्री तिला चैन पडेना. कमल एकदा विहिरीत मेली होती, आता रोज शेकडो मोबाईलवर मरत होती, वर तिचं हसूही होत होतं. त्या माणसाची चारचौघांत माती करीन तेव्हाच मिरचीची आग उतरेल, असं ती रंजिताला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

संधी नवनीतनंच आणून दिली. मुंबईहून पाहुणे येणार होते, जिल्ह्यातलं एक नाटक निवडून मोठ्या रंगमंचावर आणि पुढं सिनेमात न्यायला. आपल्या नाटकातल्या थांबायच्या जागा हुंकाऱ्याशिवाय उघड्या पडतात, हे नवनीतला तालमीत कळलं होतं. मग त्याला कार्यशाळेतल्या त्या बाया आठवल्या. त्यानं पथारीवर रिक्षा पाठवल्या.

“जावानं नही,” रंजिता म्हणाली.

“जावानं,” भिकुबाई म्हणाली. “समद्यास्नी. चांगला लुगडा नेसा. आनी तोंड उघडानं नही.”

दुपारचा खेळ होता. बाया पहिल्या रांगांत बसल्या, मांडीवर हात ठेवून. सूत्रधाराचं काम करणारा गिरधर प्रकाशा गावचाच पोरगा, अंगात कला असलेला. त्यानं सुरुवात केली.

“एक व्हती कमल.”

तो थांबला. पहिल्या रांगांतून ‘हं’ आला नाही. मागचे लोक पुढं बघू लागले.

“तिले हासाना लई नाद व्हता.”

पुन्हा काही नाही. गिरधरनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. समोर बसलेल्यांनी हुंकारा दिला नाही की त्याच्या घरी गोष्ट बंद व्हायची, दुसरं त्याला शिकवलेलंच नव्हतं. त्यानं आणखी एक वाक्य टाकून पाहिलं. मग हात जोडले आणि रंगमंचाच्या कडेला जाऊन बसला. आतून कुणीतरी त्याला खुणा करत होतं, पण तो उठला नाही.

नवनीत बाहेर आला. पाहुण्यांकडे बघून हसला आणि मग बायांकडे वळला.

“भिकुमाय, द्या ना हुंकारा.”

पाहुण्यांतल्या बाईंनी विचारलं, “या कोण?”

“आमच्याच कार्यशाळेतल्या,” तो म्हणाला. “आम्ही घडवतोय त्यांना.”

भिकुबाई उठली. पायऱ्या चढून वर गेली. नवनीतला वाटलं, सुटलो. त्यानं ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला, दुसरा स्वतःकडे ठेवला.

“गोट मी सांगस,” ती म्हणाली. “हुंकारा तू दे.”

“का नही, माय,” नवनीत लगेच म्हणाला. पाहुणे कौतुकानं पुढं झुकले.

“एक व्हती बाई. मिरचीना देठ खुडे.”

“हं.”

“तिनी एक मोठी बहीण व्हती. ती मरी गयी.”

“हं.”

“एक मानूस उना. त्यानी ती गोट आयकी. तो रडना.”

“हं,” नवनीत म्हणाला, पण जरा उशिरानं.

“मंग त्यानी गोट चोरी लिधी. बाईनं नाव पुशी टाकं, आनी स्वतानं लावं.”

नवनीतनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. भिकुबाई थांबली. तिला घाई नव्हती. पाहुण्यांतल्या बाई लिहायच्या थांबल्या आणि त्याच्याकडे बघू लागल्या. गिरधरही बघत होता. हुंकारा सोडला तर साऱ्या सभागृहाला उत्तर मिळणार होतं, आणि दिला तरी मिळणार होतं.

“हं.”

मागं कुणीतरी ‘अरे बापरे’ म्हणालं. बाया हलल्या नाहीत. नवनीतनं ध्वनिक्षेपक खाली केला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “माय, झाई गया ना तुन्हा बदला? आते पुरे कर. तुन्हं नाव लावस मी, पाया पडस.”

भिकुबाईनं त्याचा हात धरून ध्वनिक्षेपक पुन्हा त्याच्या तोंडाशी आणला.

“मन्हं नाव ऱ्हाऊ दे,” ती साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “कमल आजून इहीरलगून पोचनी नही. तिले तू हासत ढकली व्हती, आते संगे चाल. दे हुंकारा.”