मुद्दाम पडणारा नवरा

चाळिशीत मला जिउ-जित्सूच्या कुस्तीचं खूळ लागलं. आठवड्यातून दोनदा शाळेत शिकवून झालं की पाळी गावाहून थेट म्हापशाचा क्लास गाठायचा आणि माझ्या निम्म्या वयाच्या पोरींकडून चेंगरून घ्यायचं! त्यातल्या सिझर स्वीपवर माझा भारी जीव. आपण उताणं पडायचं, समोर गुडघ्यांवर बसलेलीच्या पोटावर एक नडगी आडवी लावायची, दुसरा पाय तिच्या गुडघ्याशी जमिनीलगत न्यायचा आणि दोन्ही पाय कात्रीसारखे फिरवून तिला उलटवायचं. वास्कोला माझी पहिलीच स्पर्धा होती आणि दुसरा एकही डाव मला धड येत नव्हता.

घरी सराव नवऱ्यावर. खाण बंद, ट्रक दारात उभा, माणूस रिकामा. त्याला खाकी शर्ट घालून गोधडीवर बसवायचं. मोबाईलवर मोठमोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ थांबवून थांबवून मी चॅम्पियन बायकांचे पाय पाठ केले. नवरा दर वेळी धाडकन आडवा. मी हवेत!

क्लासमध्ये मात्र एक पोरगी हलेल तर शपथ. डोक्यात तिडीक घेऊनच मी घरी आले.

"खरं सांगा, मुद्दाम पडत होतात?"

"तुका बरां वाटता म्हणान पडलंय गो."

अस्सा राग आला! आणि मायाही आली, काय करणार. म्हटलं, स्पर्धेत माझी फजिती करायची नसेल तर उद्यापासून खरंखुरं अडवा.

मग तो असा बसला की जागचा हलेना. पुन्हा व्हिडिओ लावला, तर या वेळी तोच म्हणाला, "जी पडता तिचो हात अडकलेलो आसा. माझो मोकळोच ऱ्हवता. मी टेकतंय."

अगो बाई! मी पायच बघत बसले होते. त्या बायका आधी समोरचीची बाही स्वतःकडे ओढून धरत होत्या. समोरचीला हात टेकता येत नव्हता, तिचं वजन नडगीवर येत होतं, आणि मग कुठे पाय फिरत होते.

तीन आठवडे मी बाह्याच ओढल्या. दोन शर्ट फाटले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवरा उलटला.

"माझो गुडघो घसरलो," तो उठत म्हणाला. "परत कर."

परत केला. परत उलटला. कोपर चोळत, तोंड फुगवून तो परसात निघून गेला.

अठरा वर्षांच्या संसारात हा माणूस रुसला की मला घास गिळवत नाही. त्या दुपारी मी माशाचं हुमण आणि भात दोनदा वाढून घेतला.