रेवडीला घडवलेला उपास

एका सशासाठी देवीला साकडं घालावं का, हेच मला आधी कळत नव्हतं. माणसांची एवढी दुखणी असताना दीड किलोच्या जिवासाठी आईला हाक मारायची मला लाज वाटत होती. तो जीव म्हणजे आमची रेवडी. पाच वर्षांपूर्वी लोहडीच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या सणाच्या, दिवशी ती आमच्या चंडीमंदिरच्या क्वार्टरमध्ये आली. पांढऱ्या अंगावर तिळासारखे तपकिरी ठिपके, म्हणून माझ्या मुलीने, मनूने, तिचं हे नाव ठेवलं. मनूचे बाबा फौजेत आहेत. मागच्या वर्षी त्यांची सीमेवर बदली झाली आणि घरात आम्ही तिघी उरलो.

हिवाळा सरताना रेवडीच्या लघवीत रक्त दिसलं. चंडीगडच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली आणि समजावून सांगितलं की गर्भाशयात गाठ आहे, बहुधा कॅन्सर. छातीच्या एक्स-रेमध्ये तो पसरलेला दिसत नाही. गर्भाशय काढलं तर ती पूर्ण बरी होऊ शकते, पण एवढ्याशा जिवाला भूल सोसेलच अशी खात्री नाही. काहीच केलं नाही तर हातात थोडे महिने आहेत. त्यांनी मंगळवारी सकाळी अकराची वेळ लिहून ठेवली आणि म्हणाल्या, "त्या सकाळपर्यंत तुम्ही नको म्हणू शकता." एक छापील कागदही दिला. तो मी घडी करून पर्समध्ये टाकला.

मनूच्या बाबांचा फोन लागला तेव्हा ते म्हणाले, "तू तिथं आहेस, तुला दिसतंय. तूच ठरव." गावी सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसल्याच. "सशाला गं कसला कॅन्सर? चंदीगडचं पाणी बाधलं व्हय तिला?" मग म्हणाल्या, "पोरगी रडती का?" मनू रडत नव्हती. ती मला रोज एकच विचारायची, "मम्मा, डिसाइड हुआ?"

मी सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावची. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीसाठी देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बारावीनंतर मला कॉलेजात पाठवावं का, हेही वडिलांनी कौल लावूनच ठरवलं होतं. उजवी कळी पडली आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले. त्यामुळे माझी या रिवाजावर नुसती श्रद्धा नाही, त्याचं माझ्यावर ऋण आहे. रविवारी आंघोळ करून मी देव्हाऱ्यातल्या तसबिरीवर दोन कळ्या चिकटवल्या. पण काचेवर त्या कुठल्या टिकायला! दोन्ही एकदमच खाली आल्या. मनू शेजारी मांडी घालून बसली होती. "दोनों गिर गए, मम्मा. मतलब?" मी म्हटलं, "मतलब काच गुळगुळीत आहे." आणि आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो.

सोमवारी मी उपास धरला. संध्याकाळी वाटलं, जिच्यासाठी धरला तिच्याकडूनही थोडा घडावा. शिवाय ऑपरेशनला उपाशी पोटीच जायचं असतं, हे मला ठाऊक होतं. मनूच्या वेळी सिझेरियनच्या आधी मला नाही का रात्रभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं. म्हणून दिवेलागणीलाच मी रेवडीच्या पिंजऱ्यातलं गवत काढून घेतलं. ती जाळीशी येऊन माझ्या बोटांचा वास घेत राहिली. मी तिला म्हटलं, "एवढा एक दिवस, बाई." आपण काहीतरी पवित्र करतो आहोत असं मला वाटत होतं.

मंगळवारी मनू शाळेत गेल्यावर मी रेवडीला टोपलीत घेऊन निघाले. निर्णय अजून झालेला नव्हता. ज्या चंडीमातेवरून चंडीगडला नाव पडलं तिचं देऊळ आमच्या क्वार्टरपासून जवळच आहे. तिथेच कौल लावू, असं मी मनाशी धरलं होतं. पुजाऱ्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ते बिचारे गोंधळून गेले. "बेटा, हमारे यहाँ माँ को फूल चढ़ाते हैं. गिरने का इंतज़ार कोई नहीं करता." मी हात जोडले, बाहेर आले आणि पायरीवर बसले. डोळे भरून आले होते. साडेनऊ वाजले होते आणि माझ्याजवळ ना होकार होता, ना नकार.

शेजारी एक म्हातारे सरदारजी बूट घालत होते. टोपलीत त्यांनी वाकून पाहिलं आणि न विचारताच रेवडीला उचललं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. असं उचलायला शिकण्यात माझं वर्ष गेलं होतं. त्यांनी तिच्या पोटावर बोटं ठेवली आणि एकदम माझ्याकडे बघितलं. "इसने खाया कब था?" मी मोठ्या विश्वासाने सांगितलं की कालपासून उपाशी आहे, आज ऑपरेशन आहे.

"ओ बेटा जी! खरगोश को भूखा नहीं रखते!" ते जवळजवळ ओरडलेच. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायची गरज नसते. उलट त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं तर ऑपरेशनच्या आधीच जीव जायचा. त्यांनी एका प्रयोगशाळेत अख्खी नोकरी ससे सांभाळण्यात काढली होती. बोलता बोलता ते कडेच्या हिरवळीत बसले आणि मूठभर दूर्वा उपटून त्यांनी रेवडीपुढे धरल्या. "नाम क्या है?" मी सांगितलं. "हमारे वालों के नाम नहीं होते थे," ते म्हणाले. "नंबर होते थे. ले, रेवडी. खा, पुत्तर."

आणि रेवडी खाऊ लागली. एक काडी, मग दुसरी, मग त्यांचा हात ओढून घेत, कान मागे टाकून, नाक हलवत ती अशी खात सुटली की सरदारजी हसायला लागले. मी पाहत राहिले. इतके दिवस मी देवीला विचारत होते की हिने जगावं का. आणि जिचा प्रश्न होता ती माझ्यापुढे मन लावून गवत खात होती. तिला जगायचं होतं, त्यात शंकाच नव्हती. मी तिथूनच डॉक्टर मॅडमना फोन लावला, चूक कबूल केली आणि म्हटलं, ऑपरेशन करायचं. त्या रागावल्या, पण म्हणाल्या, घेऊन या, तपासून बघते, पोटभर खाऊ दे, दुपारी करू. रिक्षात बसल्यावर तो छापील कागद उघडला. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, उपाशी ठेवू नये. मी पदवीधर बाई, आणि कागद वाचला नव्हता.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाकावर बसून काहीच मागितलं नाही. मला पहिल्यांदा कळलं की मला कौल नको होता. तिचं काही बरंवाईट झालं तर ते देवीने ठरवलं होतं, असं म्हणायची सोय हवी होती. त्या बाकावर मी ती सोय सोडून दिली. ठरवलं मी होतं, आणि पुढचं देवीच्या हातात होतं. मन इतकं हलकं झालं की मला थोडी झोपही लागली. डॉक्टर मॅडमनी बाहेर येऊन हाक मारून उठवलं. "तगड़ी है आपकी रेवडी!"

त्यांनी सांगितलं होतं, घरी नेल्यावर लेंड्या पडल्या की कळवा, म्हणजे पोट चालू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मनू पिंजऱ्याशी किंचाळली, "मम्मा! आ गई! तीन!" जन्मात कधी लेंड्या बघून हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. सासूबाईंना फोन केला. त्यांनी आयुष्यभर शेळ्या राखल्या आहेत. त्यांनी विचारलं, "बारक्या का चांगल्या टपोऱ्या?" टपोऱ्या, मी म्हटलं. "मग वाचली गं माझी बाय ती," असं म्हणून त्याच रडल्या.

ते सरदारजी कुठून कुणी पाठवलेले, अदृश्य झालेले वगैरे नाहीत. दर मंगळवारी देवळात येतात. मी पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "खाती है ना? बस." त्या सकाळी मी दहा मिनिटं उशिरा निघाले असते तर ते भेटले नसते, एवढंच मला माहीत आहे. तेवढं मला पुरतं.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण पूर्ण निघाली. दर तीन महिन्यांनी एक्स-रे असतो. आतापर्यंत दोन स्वच्छ आले. पुढच्यात काय दिसेल ते मी आईला विचारत नाही. सकाळी गवत घालते आणि नमस्कार करते. आत्ता हे लिहिताना रेवडी व्हरांड्यात आहे. मध्येच धावत सुटते, हवेत अंग पिरगाळून उडी मारते आणि खाली आल्यावर स्वतःच दचकते. मनू मोजते आहे. आज अकरा झाल्या.